मे महिन्यात टिकेल ती स्ट्रॉबेरी

अंबाजोगाईच्या बाजूला स्ट्रॉबेरी लावलीय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "इकडं येती का हो?" येते. ऑक्टोबरात रोप लावलं की डिसेंबरात पहिली फळं हाताला लागतात आणि फेब्रुवारी संपेपर्यंत तोडा चालू राहतो. बालाघाटच्या माथ्यावर रात्री बऱ्यापैकी गारठा असतो, दिवसा कोरडं स्वच्छ ऊन. या पिकाला हिवाळ्यात याहून जास्त काही लागत नाही. खरी परीक्षा मे महिन्यात असते आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

स्ट्रॉबेरीची लागवड सहसा बियांपासून करत नाहीत. झाडाला जमिनीलगत लांब दोरे फुटतात, त्यांना रनर म्हणतात. रनरच्या गाठीला मुळं सुटतात आणि नवं रोप तयार होतं, आईची हुबेहूब नक्कल. म्हणजे पुढच्या हंगामाची रोपं घरची हवी असतील तर आई उन्हाळाभर जगली पाहिजे आणि पावसाळ्यात तिनं रनर सोडले पाहिजेत. महाबळेश्वर, पाचगणी, वाई भागातल्या रोपवाटिकांना ते जमतं. आमच्याकडं मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, बोअर गुळण्या टाकायला लागते, शेततळ्याच्या तळाशी हिरवट पाणी उरतं. 2016 साली शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तो हा मुलूख. एप्रिलअखेर पानांच्या कडा करपतात आणि मे संपेस्तोवर लागवडीच्या पिशवीत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, राहतं. मग दर सप्टेंबरला घाटावरून रोपं मागवा, ती रात्रभर टेम्पोत येणार, निम्मी माना टाकलेली, आणि मोजायची ती पूर्ण किमतीनं.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकले आणि लग्नानंतर इथं भाजीपाल्याची रोपवाटिका चालवते. मिरची, टोमॅटो, वांगी, हंगामात पपई. शेडनेट, ट्रे, कोकोपीट, फवारे सगळं घरचंच. स्ट्रॉबेरी सुरुवातीला हौसेपोटी लावली होती. पण दरवर्षी रोपांचं बिल बघून डोक्यात यायचं, की परक्या हवेतलं झाड इथं जगवायला पैसे घालण्यापेक्षा इथलं ऊन सोसणारं झाडच शोधलं तर? आमच्या गावात सीताफळ संशोधन केंद्र आहे, 'धारूर-6' हे वाण तिथलंच. पण सीताफळाचं सोपं आहे. बालाघाटच्या डोंगरात बियांपासून उगवलेली हजारो झाडं आहेत, प्रत्येक वेगळं, त्यातलं चांगलं निवडायचं. स्ट्रॉबेरीचं असं रान आमच्याकडं नाही. सगळी झाडं एकाच आईच्या नकला असतील तर निवडणार काय? निवडीसाठी आधी वेगळेपण तयार करावं लागतं, म्हणजे संकर आला.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज आपण खातो ती मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी ही मुळात अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झालेला संकर आहे. एक बाजू उत्तर अमेरिकेतली छोटी सुगंधी जात, दुसरी बाजू चिलीच्या किनाऱ्यावरची मोठ्या फळाची. चिलीची रोपं फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं 1714 मध्ये जहाजातून आणली आणि पुढं दोन्ही जाती बागेत शेजारी शेजारी आल्यावर बाकीचं काम मधमाश्यांनी केलं. एक पूर्वज समुद्राच्या गार वाऱ्यातला, दुसरा बर्फ पडणाऱ्या मुलखातला. म्हणजे या पिकाच्या खानदानात मराठवाड्याचं ऊन बघितलेलं कुणीच नाही. तरी आशेला जागा होती. स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नाही, आठ संच असतात, एकूण 56. आठ भावांच्या एकत्र कुटुंबात कुणाचा गुण कुणात उतरेल सांगता येत नाही, तसं हे. मेंडेलच्या वाटाण्यासारखं तीनास एक असं गणित इथं दर गुणाला जुळेल असं धरू नये.

आईबाप म्हणून मी हाताशी होती तीच वाणं घेतली. आई स्वीट चार्ली, बाप कॅमारोझा. स्वीट चार्ली फ्लोरिडा विद्यापीठाची, लवकर येणारी, गोड, कमी आंबट, पण मऊ. दुसऱ्या दिवशी डबीत पाणी सोडते. कॅमारोझा कॅलिफोर्नियाची, फळ मोठं, टणक, प्रवासाला दणकट. (2019 मध्ये स्ट्रॉबेरीच्या जनुकांचा पूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला तो याच कॅमारोझावरून.) दोघींपैकी एकही उन्हाळ्याची नाही. पण एकाच वाणाचा स्वतःशीच संकर केला तर पोरं किरकोळ निघतात, म्हणून दोन लांबची माणसं एकत्र आणायची आणि त्यांच्या लेकरांत एखादं चिवट निघतंय का ते बघायचं.

संकराचं काम डिसेंबरात. फूल उमलायच्या आदल्या दिवशी कळी फुगते, पांढऱ्या पाकळ्यांचं टोक दिसतं पण तोंड मिटलेलं असतं. तीच वेळ. एकदा फूल उघडलं की त्याचे परागकोष स्वतःच्याच केसरांवर पराग सांडतात आणि मग त्या संकराला काही अर्थ राहत नाही. फुलाच्या मधोमध पिवळसर हिरवा उंचवटा असतो, त्यावर स्त्रीकेसरांची दाटी. भोवती वीसेक पुंकेसर. पाकळ्या, हिरवी दलं आणि पुंकेसर हे सगळं एकाच कड्यावर बसलेलं असतं, त्यामुळं एकेक पुंकेसर वेचत बसायची गरज नाही. कड्याच्या खालून चिमट्यानं गोल फिरवलं की पूर्ण झालर एका झटक्यात निघते आणि मधला उघडा उंचवटा तेवढा देठावर राहतो. मी भुवया कोरायचा चिमटा वापरला. प्रत्येक फुलाआधी तो स्पिरिटमध्ये बुडवायचा. हात जड पडला तर उंचवट्याला ओरखडा बसतो आणि ती बाजू पुढं फळात खुजी राहते.

कामाला येणाऱ्या मावशी बराच वेळ बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, चांगली फुलं सोलायलाव कशाला? फळ कशाला धरंल आता त्याला?"

धरतं. बापाच्या मिटलेल्या कळ्यांतले परागकोष आदल्या संध्याकाळी कागदावर काढून ठेवायचे. टेबललॅम्पच्या उबेत रात्रभरात ते फुटतात आणि सकाळी कागदावर पिवळी पूड दिसते. लेकीच्या रंगपेटीतला शून्य नंबरचा ब्रश तिच्यात बुडवून उघड्या उंचवट्यावर सगळ्या बाजूंनी फिरवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. वरून मलमलची पिशवी, देठाला आईबापांची नावं आणि तारीख लिहिलेलं लेबल. सगळीकडं पराग पोचलाय की नाही हे फळच सांगतं. जिथं पोचला नाही तिथलं दाणं भरत नाही आणि त्याच्याखालचा गर फुगत नाही. बाजारात वेडीवाकडी, एका अंगानं बसलेली स्ट्रॉबेरी दिसते ती बहुतेक वेळा याच कारणानं. लोक उगाच औषधाला दोष देतात.

महिनाभरात फळ पिकतं. त्याच्या अंगावरचे दाणे म्हणजे खरं तर एकेक सुटं सुकं फळ, प्रत्येकात एक बी. लाल मांसल भाग हा फुलाचा फुगलेला बुडखा. पिकलेल्या फळाची वरची साल दाण्यांसकट पातळ काढली, पाण्यात घालून मिक्सरचा एक हलका झटका दिला, की गर वर तरंगतो आणि भरलेलं बी तळाशी बसतं. वाळवून कागदी पाकिटात. पेरणी मात्र लगेच केली नाही, कारण फेब्रुवारीत पेरून कोवळी रोपं मार्च-एप्रिलच्या तोंडी द्यायची नव्हती. बी फ्रीजमध्ये राहिलं. जूनच्या आधी काही आठवडे ओल्या टिश्यूत गुंडाळून त्याच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, कारण ओल्या गारव्यात राहिलेलं बी बरं उगवतं. मेथीच्या जुडीखाली पडलेली ती पुडी आमच्या घरात बऱ्याच जणांनी कचरा समजून उचलली आणि मी बऱ्याचदा परत ठेवली.

उगवणीत सब्र लागतो. बी चाळलेल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही. त्याला उजेड लागतो. बारीक फवाऱ्यानं ओल ठेवायची. मिरचीचं बी आठवड्याभरात ट्रे हिरवा करतं. हे मात्र तिसऱ्या आठवड्यात एखादं, पाचव्यात दहा-वीस, असं आपल्या मर्जीनं वर येतं. उशिरा उगवलेलं रोप कमजोरच असेल असं धरून चालू नये. पुढं जे टिकलं ते अगदी मागून उगवलेल्यांपैकीच होतं.

पानं दिसायला लागली तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा सगळा खटाटोप कशासाठी. एका फळाच्या बियांतून आलेली भावंडं, पण एकाचं पान गुळगुळीत चकचकीत, दुसऱ्याचं फोडाफोडांचं. कुणाचा देठ उभा, कुणी जमिनीला टेकलेलं. रोपवाटिकेच्या धंद्यात एकसारखेपणा म्हणजे देव. ट्रेमधलं एक रोप वेगळं दिसलं की आम्ही उपटून टाकतो. इथं त्या वेगळेपणासाठीच पैसा घातला होता.

जानेवारीत फळं आली आणि घरात चाखण्याचा कार्यक्रम सुरू झाला. माझ्याकडं ब्रिक्स मीटर आहे. फळाचा थेंब काचेवर टाकला की साखरेचा आकडा कळतो. स्ट्रॉबेरीला साधारण 7 ते 10 ब्रिक्स असला तर बरी म्हणतात. पण चव ही साखर आणि आंबटपणा यांच्या मेळावर असते, नुसत्या आकड्यावर नाही. 9 ब्रिक्सचं एक फळ जिभेवर पाणचट लागलं आणि 8 चं दुसरं भरदार. म्हणून आकड्याच्या शेजारी एक रकाना माणसांचा ठेवला. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांनी पहिलं फळ तोंडात टाकून डोळे मिटले, चेहरा वाकडा केला आणि म्हणाले, "माय! यापरीस चिंच बरी." वहीत त्या झाडापुढं 'चिंच' असंच लिहिलंय. मुलांचा निकाल जास्त सोपा: दुसऱ्यांदा मागतात की नाही एवढंच बघायचं.

बरीचशी झाडं याच टप्प्यावर गेली. फळ बारीक, फळ मऊ, फळ पांढरट खांद्याचं, पानांवर भुरी, देठावर कोळ्यांची जाळी. उपटून टाकणं हे या कामातलं सगळ्यात मोठं काम आहे आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही. मोठ्या विद्यापीठांच्या कार्यक्रमात दरवर्षी हजारो रोपं वाढवतात आणि वर्षानुवर्षांच्या निवडीनंतर एखादंच नाव घेऊन बाहेर पडतं. माझ्यासारखीच्या शेडनेटमध्ये तेवढी जागाच नाही. म्हणून चाळणी जास्त कडक हवी आणि ती इथल्या दुखण्याची हवी, हे मी आधीच ठरवलं होतं.

मार्चमध्ये उरलेल्या झाडांवरची अर्धी सावली काढून घेतली. पाणीही शेततळ्याचं गोड आणि बोअरचं खारं असं मिसळून दिलं. स्ट्रॉबेरी क्षारांच्या बाबतीत फार नाजूक. मातीतल्या पाण्याचा ईसी, म्हणजे खारेपणाचं माप, 1 च्या पुढं गेला की ती कुरकुरायला लागते, पानाची कड तपकिरी होते. इथल्या शेतकऱ्याकडं मेमध्ये बोअरशिवाय दुसरं पाणी नसतं, मग माझ्याकडं लाडात वाढलेल्या झाडाचा त्याला काय उपयोग? घरच्यांना हे वेडेपणाचं वाटलं. एवढं जपून वाढवलं आणि आता मारायला काढलं म्हणून.

सगळ्यात गोड झाड पहिल्यांदा गेलं. मुलं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागायची ते. एप्रिलच्या मध्यात पानं मलूल पडली, चार दिवसांत गड्डा, म्हणजे मुळांवरचा जाड खोडाचा भाग, मऊ पडला. चाकूनं उभा चिरला तर आत विटकरी रंगाची कूज. वाईट वाटलं, पण त्याचे रनर वेगळे काढून सावलीत जपायचा मोह मी आवरला. ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं ती परीक्षाच त्या झाडानं दिली नसती.

मला वाटलं होतं जी झाडं मेमध्ये हिरवीगार राहतील तीच जगतील. बघितलं ते वेगळंच. भर एप्रिलमध्ये टवटवीत दिसणारी, मोठ्या पानांची झाडं मेच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक बसली. टिकली ती एप्रिललाच जुनी पानं सोडून देणारी. मधला कोंब तेवढा घट्ट धरून, दोन-तीन खुरटी पानं ठेवून ती गप्प बसून राहिली. बघणाऱ्याला मेलेलीच वाटावीत. मावशींनी त्यातली दोन-चार उपटायला हात घातलाच होता. मी गड्ड्यावर बोट दाबून दाखवलं, कडक होता. त्यानंतर त्यांनी प्रत्येक झाडाचा गड्डा दाबूनच बघायचा असा नियम केला आणि माझ्यापेक्षा त्यांचा अंदाज जास्त खरा ठरायला लागला.

जून लागला, पहिला पाऊस झाला आणि ही गप्प बसलेली झाडं फुटली. पण जगणं वेगळं आणि रनर सोडणं वेगळं. काही झाडं जगली खरी, पण पोरं द्यायला तयार नाहीत; रोपवाटिकेच्या दृष्टीनं ती बिनकामाची. काहींनी रनर सोडले तर जुलैच्या सततच्या ओलीत त्यांचा गड्डा कुजला. उन्हाळा पास, पावसाळ्यात नापास. दोन्ही पार करणारं, भरपूर रनर देणारं आणि मामांकडून 'चिंच' असा शेरा न मिळालेलं असं जे झाड उरलं, त्याचीच वाढ केली. पुढचा हिवाळा, पुढचा उन्हाळा त्याच्याच नकलांवर. आईबाप दोघंही शेजारच्या ओळीत, तशाच पाण्यावर. स्वीट चार्ली आणि कॅमारोझा दोघींनी मेमध्ये हात वर केले. ही राहिली.

तिच्यात दोष नाहीत असं नाही. फळ कॅमारोझापेक्षा लहान आहे. कडाक्याच्या थंडीत खांदा पांढरट राहतो. डबीत दोन दिवस टिकते, तिसऱ्या दिवशी तिच्यावर भरवसा ठेवू नये. कळंब भागातल्या एका मैत्रिणीकडं चाचणीला रोपं दिली, तिनं ती कोकोपीटऐवजी थेट तिच्या चुनखडीच्या काळ्या रानात लावली. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही आणि या बाबतीत माझं वाण बाकीच्या स्ट्रॉबेरींपेक्षा शहाणं नाही. म्हणजे उन्हाची अडचण सुटली तरी काळ्या रानाची राहिलीच.

आता नोंदणीसाठी लागणाऱ्या वर्णनाचं सांगते. झाड आपल्याला वेगळं वाटणं आणि कागदावर ते वेगळं सिद्ध होणं यात बरंच अंतर आहे. आपल्याकडं 2001 चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याखाली नोंदणीसाठी वाण नवं हवं, इतरांपेक्षा वेगळं हवं, एकसारखं हवं आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर हवं. दुसऱ्याचं वाण संकरासाठी आई किंवा बाप म्हणून वापरायला हा कायदा मोकळीक देतो. शेतकऱ्याला नोंदणीचं शुल्कही लागत नाही. मात्र सरकारनं अधिसूचित केलेल्या पिकांचीच नोंदणी होते, त्यामुळं अर्जाआधी यादी उघडून बघायची. वर्णन कसं करायचं याचा सराव मी यूपॉव्ह या नव्या वाणांच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्ट्रॉबेरीच्या मार्गदर्शिकेवर केला. भारत तिचा सदस्य नाही, पण त्यांचे तक्ते सगळ्यांना मोफत बघता येतात.

तो तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं. मी ज्याच्यासाठी दोन उन्हाळे घालवले, ते ऊन सोसणं त्यात कुठंच नाही. आहे काय? पानाच्या पृष्ठावर फोड किती. पानाची कड टोकदार दात्यांची की बोथट. देठावरचे केस कोणत्या दिशेला वळलेले. देठाच्या बुडाशी असलेल्या उपपर्णांवर लालसर झाक. पाकळ्या सुट्या, टेकलेल्या की एकमेकींवर चढलेल्या. फळाच्या गळ्याशी बिनदाण्याचा पट्टा किती रुंद. दाणे सालीच्या आत बुडालेले, बरोबरीत की वर आलेले. हिरवी टोपी फळात रुतलेली की उचललेली. गाभ्याचा रंग, आतली पोकळी. आधी वाटलं, हा बिनकामाचा बारकावा. पण विचार केला तर त्यात शहाणपण आहे. ऊन सोसणं दरवर्षीच्या उन्हावर ठरतं, गोडी पाण्यावर आणि खतावर. पाकळ्या एकमेकींवर चढतात की नाही हे मात्र अंबाजोगाईतही तेच आणि इटलीतही जवळपास तेच. परक्या माणसाला झाड ओळखू येईल अशाच खुणा तिथं मागतात.

आणि त्या खुणा बघायला गेलं की आपण इतकी वर्षं किती वरवर बघत होतो ते कळतं. दाण्यांची जागा हे एकच घ्या. नुसत्या डोळ्यांना सगळ्या स्ट्रॉबेरी सारख्याच दिसतात. भिंगाखाली फळ आडवं धरून उजेड बाजूनं घेतला तर दिसतं: स्वीट चार्लीच्या फळांत दाणे माझ्याकडं तरी किंचित बुडालेले, प्रत्येकाभोवती छोटा खळगा. माझ्या वाणात ते सालीच्या बरोबरीनं बसलेत, नख फिरवलं तर नखाला लागतात. फळ अर्धं पिकलेलं असेल तर ही खूण फसवते, कारण गर पूर्ण फुगलेला नसतो. म्हणून सगळी निरीक्षणं पूर्ण पिकलेल्या फळावर. शेंड्याचं पहिलं मोठं फळ आणि नंतरची फळं यांची नोंद वेगळी, कारण पहिल्याचा आकार बहुतेक वेळा वेगळाच येतो. पान घ्यायचं तर पूर्ण वाढलेलं, पण जून झालेलं नको.

अडचण दुसरीच आली. तक्त्यात प्रत्येक खुणेपुढं नमुना म्हणून वाणांची नावं दिलेली असतात: फोड मध्यम म्हणजे अमक्या वाणासारखे. ही नावं बहुतेक युरोपातली. एल्सान्ता, सेंगा सेंगाना. मी ती फोटोत सोडून कुठं बघितलेली नाहीत. मग 'मध्यम' म्हणजे किती? माझ्यापुरता मार्ग काढला. स्वीट चार्ली, कॅमारोझा आणि नवं वाण यांच्या वीस-वीस नकला एका ओळीत लावल्या आणि प्रत्येक खूण तिघींची एकाच दिवशी, एकाच उजेडात लिहिली. स्वतःच्या मनातल्या 'मध्यम'पेक्षा शेजारचं झाड जास्त विश्वासू. वीस झाडांत एखादं वेगळं निघालं तर चालतं, त्याहून जास्त निघाली तर वाण एकसारखं नाही असं धरतात. रनरच्या नकला असल्यामुळं इथं फार चिंता नव्हती, पण मोजायचं ते मोजलंच. रंगासाठी ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगतक्ता वापरतात. तो माझ्या खिशाला झेपला नाही. एका ओळखीच्या प्राध्यापकांकडं तो होता, तिथं फळं डब्यात घालून नेली. गाडीच्या उन्हात त्यांचा रंग बदलू नये म्हणून पहाटे निघाले.

नावावर घरात बरीच चर्चा झाली. मामांना 'बालाघाट' हवं होतं, मुलीला 'रेड क्वीन'. बालाघाटला कायद्याची आडकाठी निघाली. वाणाच्या नावात ठिकाणाचं नाव असेल तर निबंधक ते नाकारू शकतात; वापर प्रामाणिक आहे असं त्यांना पटलं तरच ठेवू देतात. नुसते आकडेही चालत नाहीत, दिशाभूल करणारं नाव चालत नाही. मुलीला सांगितलं, फळ एवढंसं आणि नाव राणीचं, हीसुद्धा दिशाभूलच. अजून वहीत ते 'ट्रे चार, ओळ दोन' याच नावानं चाललंय, आणि मावशी त्याला 'गप्प बसणारी' म्हणतात.

सध्या लोक रोपं मागतात. नाही म्हणावं लागतं. वाण 'नवं' ठरण्याची अट अशी की अर्जाच्या तारखेआधी एक वर्षाहून जास्त काळ त्याची देशात विक्री झालेली नसावी, आणि हे नुसत्या रोपांना नाही, फळांनाही लागू आहे. चाचणीसाठी लावलेलं चालतं, विकलेलं नाही. म्हणून कागद पूर्ण होईस्तोवर एक डबीही मोंढ्यात पाठवायची नाही असं ठरवलंय. फळं शेजारी, पाहुणे आणि शाळेतली पोरं खातात. आमच्या ओळखीचा फळवाला बाकीची स्ट्रॉबेरी न्यायला येतो, तो दरवेळी त्या ओळीपाशी थांबतो. "वैनी, इकायचंच नव्हतं तर लावलं कशाला?" असं म्हणून एक तोडून तोंडात टाकतो, आणि जाताना विचारतो, "अर्ज कधी भरायलाव?" पुढच्या हिवाळ्याच्या नोंदी झाल्या की, असं मी सांगते. तक्त्यात दोन हंगाम मागितलेत, आणि देठावरच्या केसांची दिशा यंदा मला अजून पटलेली नाही.